चूकभूल कोणी द्यायची, कोणी घ्यायची?

आवडत्या कलावंताने किंवा खेळाडूने समाजमाध्यमावर काही हीन लिहिले, की त्याचा चाहता बहुधा तासाभराच्या आत एक तर त्याच्या बाजूने भांडायला उतरतो, नाही तर हा माणूस माझ्यासाठी संपला असे जाहीर करून मोकळा होतो. माझ्यावर ही वेळ दोन वर्षांपूर्वी आली. ज्या नटाला मी कॉलेजात असल्यापासून ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसून पाहत आले, त्याने कळव्याच्या एका बाईंना फेसबुकवर जाहीरपणे अद्वातद्वा सुनावले. शेवटच्या प्रवेशातली वाक्ये मागच्या रांगेपर्यंत पोचली नाहीत, एवढेच बाईंनी लिहिले होते. त्यावर फुकट्या पासवाल्यांना कान कशाला हवेत, इथून सुरुवात करून तो त्यांच्या शिक्षणापर्यंत गेला, आणि पाठोपाठ त्याच्या चाहत्यांची झुंड बाईंवर तुटून पडली.

अशा वेळी सर्वप्रथम मूळ मजकूर स्वतः वाचावा. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो स्क्रीनशॉट आला त्यात बाईंचे वाक्य कापलेले होते, त्यामुळे आधी समोरूनच शिवी आली असणार, अशी मी दोन तास स्वतःची समजूत घालत राहिले. मूळ पोस्ट उघडल्यावर ती पळवाट बंद झाली. उलटही घडू शकते, कारण बनावट स्क्रीनशॉट तयार करायला पाच मिनिटे पुरतात. इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांनी दिसेनाशी होते, तेव्हा हे काम त्याच दिवशी करावे. मत बनवण्याची मात्र तेवढी घाई नसते.

पुढचा प्रश्न, ही माफी आपल्या हातात आहे का, हा आहे आणि बहुतेक चाहते तो स्वतःला विचारतच नाहीत. अपमान झाला तो कळव्याच्या बाईंचा. त्याची चूकभूल द्यायची की नाही, हे त्यांनीच ठरवायचे. चाहत्याने परस्पर उदार होऊन "झाले गेले विसरून जाऊ या" म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या उधारीवर आपण पाणी सोडण्यासारखे आहे. आपल्याकडे उरते ती आपली स्वतःची दुखापत, आणि ती खोटी नसते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच, टीव्ही अमेरिकेत नवा होता तेव्हा, प्रेक्षकाला पडद्यावरच्या माणसाविषयी वाटणाऱ्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन करून ठेवले आहे. मी कागदावर लिहून काढले तेव्हा माझ्या बाजूला निघाले ते असे, की या माणसाच्या सभ्यपणाचे दाखले मी घरीदारी दिले होते आणि आता मला तोंडघशी पडल्यासारखे वाटत होते. एवढ्यापुरतेच मी त्याला माफ करू शकत होते.

त्याचा माफीनामा तिसऱ्या दिवशी आला. "माझ्या शब्दांमुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर मी दिलगीर आहे." असे वाक्य समोर आले की ते शब्दाशब्दाने वाचावे. "कोणाच्या" म्हटले की बाईंचे नाव घ्यावे लागत नाही, "दुखावल्या गेल्या" या कर्मणी प्रयोगात दुखावणारा कोण हे सांगावे लागत नाही, आणि "असतील तर" म्हटले की घडलेली गोष्ट घडली की नाही याचीच शंका उभी राहते. कोणाला, काय बोललो आणि ते का चुकीचे होते, हे तिन्ही ज्यात आहे ती माफी, बाकीचे निवेदन.

मग वाट पाहावी, आणि किती, हे चूक किती जुनी आहे त्यावर ठरवावे. इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन जून 2021 मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळत असताना, त्याने विशीच्या आसपास लिहिलेली वर्णद्वेषी आणि स्त्रियांना हिणवणारी ट्विट वर आली. त्याने त्याच संध्याकाळी माफी मागितली, तरी त्याच्यावर बंदीची कारवाई झाली, आणि ऑगस्टमध्ये तो भारताविरुद्ध पुन्हा खेळला. जुन्या पोरकटपणाला मधल्या वर्षांतल्या वागण्याची साक्ष काढता येते. काल रात्री पन्नाशीच्या माणसाने लिहिलेल्या ओळीला ती सोय नाही. दंड भरला म्हणजे फिटले, असेही धरू नये. हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल यांना 2019 मध्ये टीव्हीवर स्त्रियांविषयी केलेल्या बोलण्यापायी प्रत्येकी वीस लाख रुपये दंड झाला. ते पैसे निमलष्करी दलांतल्या हुतात्मा जवानांच्या पत्नींना आणि अंधांच्या क्रिकेटला गेले. ही स्थाने योग्यच होती, फक्त बोलणे ज्या स्त्रियांना लागले होते त्यांच्या हिशेबात त्यातले काही जमा झाले नाही.

या मधल्या काळात त्या कलावंताचे खाते म्यूट करावे. अनफॉलो केल्याची घोषणा करू नये आणि त्याची वकिली तर मुळीच करू नये. त्याच्या जुन्या कामाचे काय, हे ज्याचे त्याने पाहावे. मी चार महिने त्या नटाचे काहीही पाहिले नाही. त्यात तत्त्व वगैरे नव्हते, त्याचा आवाज आला की ती पोस्ट आठवायची, एवढेच.

पाचव्या महिन्यात त्याने त्याच मूळ पोस्टखाली, बाईंचे नाव घेऊन, तुमची तक्रार खरी होती आणि मी जे बोललो ते नीचपणाचे होते, असे लिहिले. बाईंनी "वाचले" एवढेच उत्तर दिले. त्यानंतर मी घाणेकर नाट्यगृहातल्या प्रयोगाचे तिकीट काढले, मुद्दाम सगळ्यात मागच्या रांगेचे. शेवटच्या प्रवेशातली वाक्ये ऐकू आली. टाळ्याही वाजवल्या. पूर्वी प्रयोग संपला की मी रंगपटात जाऊन त्याला भेटून यायचे. त्या रात्री सरळ बाहेर पडून घोडबंदर रोडला रिक्षा पकडली.