विंडोज १० सोडण्यापूर्वी सवयी कशा हलवाव्यात

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट्स मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक धडधाकट संगणक मागे राहिले. अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम (संगणक चालवणारी मूळ यंत्रणा) फुकट बसवता येते, तरीही माणसे जुन्यालाच चिकटून राहतात, आणि त्यामागे आळस किंवा अज्ञान असते असे म्हणणे अन्यायाचे आहे. बोटांना जागा पाठ झालेल्या असतात, दहा वर्षांच्या फाइली त्याच प्रोग्राममध्ये उघडतात आणि बिघाड झाला तर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला विंडोजच येते. म्हणून आधी प्रोग्राम बदलावेत आणि ऑपरेटिंग सिस्टिम शेवटी.

सुरुवात विंडोजवरच करावी. आठवडाभर आपण प्रत्यक्षात काय काय उघडतो ते कागदावर टिपावे. लिब्रेऑफिस (कागदपत्रे व तक्ते), फायरफॉक्स (इंटरनेट) आणि व्हीएलसी (व्हिडिओ व गाणी) ही विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतात. ती आत्ताच बसवून रोजचे काम त्यांतच करू लागावे, म्हणजे पुढे पडद्यामागची यंत्रणा बदलली तरी समोरची खिडकी ओळखीची राहते. यादीत हिशेबाचे टॅली किंवा चित्रे-मांडणीचे कोरलड्रॉ निघाले, तर मात्र तो संगणक विंडोजवरच ठेवण्याचा विचार करावा. हिशेबाच्या यंत्रावर प्रयोग नकोत.

मराठी माणसाची खरी अडचण फाँटची असते. श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या फाइलीत देवनागरी अक्षरे नसतातच; आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात व फाँट त्यांवर देवनागरी रूप चढवतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल रोमन अक्षरांची खिचडी दिसते. अशा फाइली विंडोजवर असतानाच परिवर्तकातून (फाँट बदलून देणाऱ्या प्रोग्राममधून) युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरीच राहणाऱ्या संकेतांत, आणाव्यात, पण मूळ प्रत पुसू नये. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये क्रम याच्या उलट असतो. परिवर्तक नेमका इथे घसरतो. त्यामुळे ‘निश्चिती’, ‘मूर्ती’, ‘वर्षी’ असे शब्द शोधून ते नीट उतरले आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिकून घेतल्यास पुढचे बरेच श्रम वाचतात, कारण तो विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे तयार मिळतो आणि कळांची जागा तीच राहते. उदाहरणार्थ ‘ऱ्या’ लिहिण्यासाठी शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ आणि शेवटी ई दाबावी. पहिले काही दिवस वेग मंदावेल; त्या काळात तातडीचे काम अंगावर घेऊ नये.

एवढे झाल्यावरच मिंटचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू करावा. काहीही न बसवता अख्खी यंत्रणा वापरून पाहता येते. ती पेनड्राइव्हवरून हळू चालते, त्यामुळे वेगावरून मत बनवू नये. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि विशेषतः स्कॅनर चालतो का, एवढेच तपासावे. मिंटच्या सिनॅमन नावाच्या आवृत्तीत मेनू खाली डाव्या कोपऱ्यातच असल्याने विंडोज १० वापरणाऱ्याला फारसे शोधावे लागत नाही.

प्रत्यक्ष बसवण्याआधी सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) चालू असेल तर ते कुलूप उघडणारी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. डिस्कवर जागा असल्यास विंडोजशेजारीच मिंट बसवावे. मात्र जुन्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत, ती केवळ अडलेल्या एखाद्या प्रोग्रामपुरती उघडावी. घरात वडीलधारी मंडळी तोच संगणक वापरत असतील, तर त्यांचे नेहमीचे आयकॉन पडद्यावर पूर्वीच्याच जागी मांडून द्यावेत आणि प्रिंट काढून दाखवावी, कारण त्यांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.