पीआरमध्येच बंडलचं वजन कसं बघायचं: मराठी-कन्नड-इंग्रजी अ‍ॅपसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीत चालणाऱ्या अ‍ॅपला बहुधा तिन्ही भाषा लागतात, आणि जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज जेमतेम. तेव्हा बंडलचं, म्हणजे फोनवर उतरणाऱ्या एकत्र बांधलेल्या फाइलींचं, वजन पीआरमध्येच (पुल रिक्वेस्ट, बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) मर्जच्या आधी बघायचं, नंतर नव्हे.

उसाच्या ट्रॉलीचं भरलेलं आणि रिकामं वजन एकाच काट्यावर करतात. इथंही तसंच: मेनमधून (मुख्य कोडमधून) ब्रँच जिथं फुटली तो कमिट (नोंदवलेली आवृत्ती) आणि ब्रँचचा शेवटचा कमिट, दोन्ही सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणारी यंत्रणा) बिल्ड करा. नोडची आवृत्ती एकच, इन्स्टॉल 'एनपीएम सीआय'ने (लॉकफाइलमध्ये नोंदलेल्या नेमक्या आवृत्त्या बसवणारी आज्ञा). गिटहब अ‍ॅक्शन्स पीआरवर आपणहून मेनशी जुळवलेला कमिट उचलतं, तोही इतिहासाशिवाय. त्यामुळे ब्रँचचा कमिट स्पष्ट सांगा आणि पूर्ण इतिहास मागवा. नाहीतर दुसऱ्याने वाढवलेल्या किलोबाइटचं बिल या पीआरच्या नावावर फाटतं.

फाइलनावातला हॅश (मजकूर बदलला की बदलणारी अक्षरं) काढून मगच जुन्या-नव्या फाइलींच्या जोड्या लावा. तो राहिला तर बदललेली फाइल एकदा 'गेली' आणि एकदा 'आली' दिसते. कॉम्प्रेशनला जी-झिप किंवा ब्रॉटली, एकच ठरवा. शेजारी कॉम्प्रेस न केलेला आकडाही हवा, कारण फोनला उलगडलेलं जावास्क्रिप्टच वाचावं लागतं.

पहिल्या पानाच्या फाइलींची बेरीज 2 किलोबाइटने वाढली तर शेरा, 10 ने वाढली तर कारण लिहिल्याशिवाय मर्ज नाही, ही सुरुवात पुरे. टक्के नकोत, 3 किलोबाइटचा चंक (बंडलचा तुकडा) 4 झाला की 33 टक्क्यांची बोंब होते.

आता खरी गळती: भाषांच्या जेसन फाइली, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर ठेवलेल्या. तिन्ही कोडच्या सुरुवातीलाच इंपोर्ट केल्या की मराठी वाचणाऱ्याच्या फोनवर कन्नडही उतरतं. रिव्ह्यूमध्ये अशी ओळ दिसली की डायनॅमिक इंपोर्ट (लागेल तेव्हाच फाइल आणणारा) मागा, म्हणजे निवडलेली भाषाच येईल. दुसरा डाव ईएसबिल्डचा (बंडल बांधणारं टूल). यूटीएफ-8 मध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरचिन्हाला 3 बाइट लागतात. पण ईएसबिल्ड मूळ सेटिंगवर ते युनिकोड एस्केप करून (अक्षराऐवजी त्याचा कोड लिहून) 6 बाइटांचं करतं. कॉम्प्रेशननंतर फरक बराच झाकला जातो, म्हणूनच तो कुणाच्या नजरेत येत नाही. ईएसबिल्डचं कॅरसेट सेटिंग यूटीएफ-8 करा. फाँटही लिपीप्रमाणे वेगळे ठेवा आणि सीएसएसमध्ये युनिकोड-रेंज द्या, मग पानावर कन्नड नसेल तर कन्नड फाँट उतरत नाही.

बाकी नेहमीचंच: एका फंक्शनसाठी अख्खी लोडॅश लायब्ररी, तारखेसाठी मोमेंट लायब्ररी. मराठी तारखेला ब्राउझरमधलं इंटल (तारखा-आकडे भाषेप्रमाणे लिहिणारी सोय) पुरतं. लॉकफाइल बदलली असेल तर एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या शिरल्या का ते 'एनपीएम एलएस'ने तपासा.

आकडा एकदम घटला तरी लगेच मंजूर करू नका. कोड नव्या चंकमध्ये गेला असेल आणि तो चंक पान उघडताच मागवला जात असेल, तर माल तेवढाच, फक्त ट्रॉल्या दोन. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून खात्री करा.