नोव्हेंबरातली एल्कची शिकार: या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्क, म्हणजे सांबरासारखी मोठी हरणं, अडीच लाखांहून जास्त आहेत. हा आकडा ऐकला की नवशिक्याला वाटतं, रायफल घेऊन डोंगरात गेलं की झालं. त्यातून इथली आपली भारतीय मंडळी. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीला बंदी, त्यामुळे घरात शिकवणारं कुणी नाही. मग व्हिडिओ बघायचे, चकचकीत सामान घ्यायचं आणि रायफलच्या चार हंगामांतल्या शेवटच्या, चौथ्या रायफल सीझनला, म्हणजे ऐन नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, फ्लॅट टॉप्स या उंच पठारावरच्या रानात जाऊन उभं राहायचं. डेन्व्हरच्या आसपासच्या अशा बऱ्याच हौशी लोकांना मी सोबत नेलंय. चुका दरवर्षी त्याच. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

परवान्याची आठवण ऑक्टोबरात होणं

कोलोरॅडोत पहिला आणि चौथा रायफल सीझन फक्त सोडतीतून मिळतो आणि अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच संपते. 1 जानेवारी 1949 नंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे हे वाचणाऱ्या जवळपास सगळ्यांनाच. आणि एच-1बीवाल्यांनो, नीट ऐका. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच मनाई आहे. जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तेव्हा परवाना आधी, बंदूक नंतर. "मित्राची आहे, फक्त रेंजवर चालवून बघतो" हे माझ्यासमोर बोलू नका.

शेजारच्या वायोमिंगमध्ये जाणार असाल तर तिथला नियम आणखी वेगळा. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथल्या विल्डरनेसमध्ये, म्हणजे कायद्याने राखीव रानात, गाइड किंवा स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय एल्कची शिकार करता येत नाही. हे ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, पोचल्यावर कळलेले लोक मी पाहिलेत.

गोळी झाडायच्या आधी ओझं न मोजणं

सगळ्यात जास्त चीड मला या चुकीची येते, कारण हिच्यामागे आळस असतो, अज्ञान नाही. हिशोब कुणालाही जमेल असा आहे. मोठा नर सुमारे 300 किलोंचा. हाडं काढून टाकली तरी शंभरेक किलो मांस उरतं. बर्फात, 10 हजार फुटांवर, धडधाकट माणूस पाठीवर 30 किलो नेऊ शकतो. म्हणजे चार खेपा. गाडी तीन मैलांवर असेल तर चारदा भरलेलं जायचं, तीनदा रिकामं परत यायचं: एकट्याला 21 मैल. जिमला जाता ना? जिमच्या मशीनवर पडलेली झाडं आडवी येत नाहीत.

"घोडेवाला बोलावू" असं म्हणतात. नोव्हेंबर अर्धा सरला की बहुतेकांनी घोडे खाली आणलेले असतात. फोन सप्टेंबरच्या आधी करायचा, आणि तो "नाही" म्हणाला तर जागा बदलायची. एकाने तर दोन चाकांची हातगाडी आणली होती. 1964 च्या विल्डरनेस कायद्याने राखीव रानात मोटार चालत नाही, सायकल चालत नाही आणि हातगाडीही चालत नाही. बिनचाकी प्लास्टिकची घसरगाडी मात्र चालते, आणि बर्फ असला तर तिच्याइतकं उपयोगी काही नाही. मागे एक दोर आणि तो धरायला दुसरा माणूस हवा, नाहीतर उतारावर ती तुमच्या टाचा फोडते.

"बाहेर फ्रीजच आहे" म्हणून कातडं तसंच ठेवणं

एक मुलगा होता, सॉफ्टवेअरमधला. नेम उत्तम, सामान माझ्यापेक्षा भारी. मी त्याला सांगून ठेवलं होतं की दुपारी तीननंतर डोंगराच्या धारेच्या खालच्या घळीत गोळी टाकायची नाही. त्या आठवड्यात सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. कायदा त्यानंतर अर्धा तास देतो. घळ देत नाही. पण साडेचारला खाली नर उभा दिसला आणि याने घोडा ओढला. गोळी जागच्या जागी. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

रात्री नऊला तो तंबूत आला, खुशीत. आतडी काढली, परवान्याचा टॅग जनावराला लावला, आता सकाळी बघू.

"कातडं?" मी विचारलं.

"दादा, बाहेर उणे बारा आहे. फ्रीजच की. आणि उतारच आहे ना."

उतार जाताना होता. शंभर किलो मांस त्याच उतारावरून वर यायचं होतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. रात्री त्या आडव्या लाकडांतून तिघांनी खाली जाणं म्हणजे कुणाचा तरी पाय मोडून घेणं, म्हणून पहाटेपर्यंत थांबलो.

सकाळी वरून बघाल तर केसांवर हिमाचे कण, कान कडक, सगळं कसं गोठलेलं. मी खालच्या बाजूच्या मागच्या मांडीत सुरी घातली आणि खुब्याच्या सांध्यापर्यंत हात नेला. आत कोमट. हात बाहेर काढला तर नासलेल्या दुधाचा वास. हाडालगतचं मांस हिरवट पडलेलं. एल्कचं कातडं हिवाळ्यासाठीच बनलेलं असतं. आतली ऊब ते बाहेर जाऊ देत नाही, आणि खालचा बर्फही ऊब धरून ठेवतो. मांडीचं मांस इतकं जाड की नुसती बाहेरची थंडी हाडापर्यंत रात्रभरात पोचत नाही. जनावरातला सगळ्यात चांगला भाग होता तो, आणि आम्ही तो कापून टाकला. उरलेलं वर आणायला तिघांना दोन दिवस लागले. पहिल्या चढावर तो "सोपं आहे" म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी काही म्हणाला नाही.

माझी सवय सांगतो. जनावर पडलं की लगेच कातडं उतरवायचं, पोट न फाडता चारही पाय सोडवायचे, पाठीचे पट्टे काढायचे, आणि प्रत्येक भाग सुती पिशवीत घालून सावलीत फांदीला टांगायचा. रात्र झाली तरी हे करूनच निघायचं. हाडं सोडवायची असतील तर मांस गोठायच्या आधी, नंतर ते सुरीला दाद देत नाही. नर की मादी ओळखू येईल तो भाग कायद्याप्रमाणे मांसाला जोडलेला ठेवायचा, तपासनीस वाटेत भेटतोच. पाती बदलायच्या त्या नाजूक सुऱ्या मला अजिबात आवडत नाहीत. थंडीत पातं तुटतं, आणि मग मांसात तुकडा शोधत बसा. जुनी, जाड पात्याची सुरी आणि एक धार लावायचा दगड पुरतो.

सप्टेंबरची शिकार नोव्हेंबरात करणं

नर माजावर असतात ते सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. नोव्हेंबरात नराच्या हाकेची नक्कल करणारी शिट्टी वाजवणं म्हणजे आपण आलोय हे कळवणं. माज ओसरल्यावर नर खंगलेले असतात. ते माद्यांचे कळप सोडून एकेकटे किंवा दोघे-चौघे मिळून अडचणीच्या जागी जातात: दाट झाडीच्या कडेला, उतारावरच्या चारा असलेल्या छोट्याशा सपाट पायरीवर, जिथे माणूस सहसा फिरकत नाही. पहिला बर्फ पडला की सगळे एल्क खाली येतात हा समजही पुसून टाका. माद्या आणि पिल्लं आधी उतरतात. नर पोटाला बर्फ लागेपर्यंत वर तग धरतात. दक्षिणेकडचे उतार बघा, तिथे ऊन आणि वारा गवत उघडं ठेवतात.

आणि बघा म्हणजे बसून बघा. पहिला अख्खा दिवस मी एका जागेवरून दुर्बिणीने काढतो. अधीर माणसाला हे सोसत नाही, तो दिवसाला आठ मैल तुडवतो, आणि उठवलेला एल्क दोन घळी ओलांडून निघून जातो. खाली गेलेले कळप बरेचदा खाजगी रँचवर असतात. कोलोरॅडोत पाटी नसली तरी मालकाच्या परवानगीशिवाय तिथे शिकार करता येत नाही.

थोडक्यात, पण ऐका

नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावा, बर्फ आत जात नाही आणि नेमही बिघडत नाही. बोल्टमधलं जाड तेल घरीच पुसून काढा. रायफल उबदार तंबूत आणू नका. तिला घाम फुटतो आणि तो बाहेर गोठतो. पाण्याचा फिल्टर एकदा गोठला की त्याचा भरवसा संपला, त्यामुळे मी तो नेतच नाही, बर्फ वितळवून उकळतो. त्यासाठीही गॅसच्या छोट्या डब्यांवर विसंबू नका, कडाक्याच्या थंडीत ते मान टाकतात. व्हाइट गॅस या द्रव इंधनाचा स्टोव्ह घ्या. सुती बनियन घरी. कंबरेच्या वर भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडा, 500 चौरस इंच, त्यातच डोक्यावरची टोपीही. रात्र चौदा तासांची असते, तेव्हा लाकडाची शेगडी असलेला तंबू ही चैन नव्हे. उत्तरेकडच्या तीव्र उतारांवर जायच्या आधी राज्याच्या हिमस्खलन केंद्राचा अंदाज वाचा, नोव्हेंबर असला तरी.

राहिली गाडी. मीकर ते यांपा हा फ्लॅट टॉप्सचा रस्ता हिवाळ्यात बंद होतो, तेव्हा ज्या बाजूने आत शिराल त्याच बाजूने परतायचं हे धरून चाला. अगदी वरच्या ट्रेलहेडपर्यंत गाडी रेटायचा मोह होतो, एक मैल वाचतो म्हणून. मी मैलभर आधीच, तोंड उताराकडे करून लावतो. बर्फात चालवायच्या साखळ्या चारही चाकांना, आणि घरच्या ड्राइव्हवेवर एकदा घालून बघितलेल्या. रात्री, वादळात, हेडलॅम्पच्या उजेडात साखळ्यांचं पाकीट पहिल्यांदाच फोडणारा कुणीतरी दरवर्षी भेटतो, आणि त्याच्याकडे हटकून फक्त दोनच असतात.