पेठांतले आडवळणाचे प्रश्न आणि माझा फसलेला व्हिडिओ

पुण्यावर छोटे व्हिडिओ करायचेत म्हणून कोणी भेटायला येतं, तेव्हा त्याच्या बॅगेत गिंबल, म्हणजे फोन न हलता धरणारा दांडा, आधीच असतो. फोन, कॉलरला लावायचा माईक, एडिटिंगचं ॲप हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, त्यात मी पडत नाही. नसतो तो प्रश्न. ‘चला, शनिवारवाडा बघू’ हा प्रश्न नाही. पंप नसताना कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत कसं पोचायचं, हा प्रश्न आहे.

त्याच प्रश्नावर माझा पहिला बरा व्हिडिओ झाला. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ काढून शहरातल्या हौदांत पाणी खेळवलं, वाटेत हवेसाठी आणि सफाईसाठी उच्छ्वास ठेवले, हे सगळं सांगितलं असतं तर शाळेचा धडा झाला असता. म्हणून एका रविवारी पहाटे कात्रज चौकातून सायकलवर बसलो आणि शक्य तितकं पायडल न मारता स्वारगेटपर्यंत आलो. सिग्नल आणि दोन-चार सपाट पट्टे सोडले तर उतारानंच आणलं. नव्वद सेकंदांत लोकांना उत्तर कळलं, आणि मला वाटलं, आपल्याला हे जमतंय.

आता खड्ड्याबद्दल. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण मी त्यात पुरता पडलोय.

सायकलवाल्या व्हिडिओनंतर मी देवळांच्या नावांवर मालिका सुरू केली. जिलब्या मारुती, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती, दाढीवाला दत्त. पुण्यात हा माल संपत नाही. मग आला सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर. देवाला खुनी का म्हणतात? यापेक्षा चांगला प्रश्न कुठे मिळणार! आणि उत्तरही तयारच होतं. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. चापेकरांची माहिती पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ ला याच देवळाजवळ गोळ्या घातल्या. देवळाजवळ खून, म्हणून खुन्या. मी दोन व्हिडिओंत हे ऐकलं होतं, एका मित्रानंही सांगितलं होतं. तीन साक्षीदार झाले की! टाकला. दोन लाखांवर गेला.

तीन आठवड्यांनी त्याच गल्लीत दुसऱ्या कामासाठी फोन तिपाईवर लावत होतो, तर पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक आजोबा म्हणाले, “मुरलीधराचा तो व्हिडिओ तुमचाच ना?” मी खूश होऊन वर बघितलं. “मग मला सांगा, १८९९ च्या आधी त्याला काय सज्जन मुरलीधर म्हणायचे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजोबांनी वर बोलावलं, पाणी दिलं आणि दहा मिनिटांत माझी दोन लाखांची हवा काढली. देऊळ पेशवाईच्या उत्तरार्धातलं, गद्रे सावकारांचं. मूर्तीवरूनच तेव्हा झगडा पेटला, त्यात माणसं मेली, आणि नाव त्या रक्ताचं. द्रविड बंधूंचा खून खरा, जागाही खरी. फक्त नावाशी त्याचा संबंध नाही.

गंमत अशी की मी एकही वाक्य खोटं बोललो नव्हतो. तारखा बरोबर, माणसं बरोबर, पत्ता बरोबर. शेजारी शेजारी पडलेल्या दोन खऱ्या गोष्टींमध्ये मी एक ‘म्हणून’ घातला, तेवढंच. आणि माझे तीन साक्षीदार? मित्रानं त्या दोनांपैकी एक व्हिडिओ बघितला होता आणि दुसरा व्हिडिओ पहिल्यावरून केलेला होता. साक्षीदार एकच, तोही ऐकीव. आपल्या या प्रकारात सगळा जोर ‘का’वर असतो, त्यामुळे ‘म्हणून’ची घाई होतेच. आता मी स्क्रिप्ट छापून प्रत्येक ‘म्हणून’भोवती लाल पेनानं गोल करतो. त्या गोलासाठी आधार सापडला नाही तर ‘असं सांगतात’ म्हणतो, नाहीतर वाक्य कापतो. नावाची गोष्ट असेल तर त्या घटनेच्या आधीच्या सालाचा कागद शोधायचा. पुणे जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटिअर १८८५ चं आहे, त्यात पेठा आणि देवळं सापडतात; १८९९ च्या गोष्टीला ताडून बघायला आधी तिथेच जायला हवं होतं. भारत इतिहास संशोधक मंडळ तर त्याच सदाशिव पेठेत आहे. मी त्याच्यासमोर गाडी लावून शूटला गेलो होतो. गाडी लावून!

कोर्सवाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलणार नाही. नऊ हजार भरून मी एक केला. पहिल्या तीन सेकंदांत धक्का द्या, बाकी बघू, असं तिथले सर सांगायचे. त्यातल्या ‘बाकी बघू’नंच माझा घात केला. नऊ हजारांत मला कात्रजचा घाट दाखवला, एवढंच म्हणेन. गॅलरीतल्या आजोबांनी फुकट शिकवलं.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिपाई उघडण्याआधी परवानगीचं बघा, नाहीतर सुरक्षारक्षकाशी वाद घालण्यात उजेड जातो. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे ड्रोनचे नियम वाचल्याशिवाय ड्रोन घेऊच नका. पेठेतल्या अरुंद गल्लीत ऊन जेमतेम दुपारीच उतरतं. लक्ष्मी रोडवर आवाज रेकॉर्ड करण्याचा नाद सोडा, घरी येऊन पांघरुणात बोला. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला मात्र निवांत जा. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती सगळेच दाखवतात, दर्शनी भिंतीवर कोरलेल्या, साखळ्यांनी बांधलेल्या गेंड्यापाशी कोणी थांबत नाही. पुण्यात गेंडा कशाला? हा प्रश्न मी अजून पुरा सोडवलेला नाही, घ्या तुम्ही.

पैशाचं विचाराल तर नोकरी सोडू नका. नुसत्या शॉर्ट्सवर यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. माझ्या दोन वर्षांच्या कमाईतून माईक आणि पेट्रोल निघालं. पण घाबरायचं कारण नाही. पहिले वीस व्हिडिओ कोणी बघत नाही, हे सुखच आहे. चुका तेव्हाच करून घ्या.

मुरलीधराचा व्हिडिओ मी काढून टाकला आणि दुरुस्तीचा केला. तो नऊशे लोकांनी बघितला. जुना कोणीतरी आधीच उतरवून घेतला होता. गेल्या महिन्यात मावशीनं तोच घरच्या ग्रुपवर टाकला, माझं नाव कापलेला, आणि खास मला उद्देशून खाली लिहिलं, “बघ, असे व्हिडिओ करत जा.”