यारीचा रोप घेताना आणि वापरताना

बावीस वर्षं मी यारी, म्हणजे विहिरीतला दगड-माती वर ओढणारी क्रेन, चालवतोय. तिची बकेट ज्या तारेच्या दोरावर लटकते, तो रोप. केज, धारूर, अंबाजोगाई या पट्ट्यात विहिरी खोदतो. काम निघतं ते उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावर. वर माती, मग मुरूम, त्याखाली काळा पाषाण, आणि पन्नास-साठ फुटांवर चार-पाच माणसं. त्यांच्या डोक्यावर दिवसभर भरलेली बकेट ये-जा करते.

दुकानदार सांगतो, "हा सहा एमएमचा, दोन टनाचा." नवाकोरा रोप मशीनवर ताणून ज्या वजनाला तुटतो, तो हा आकडा. उचलायचं वजन त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे चारशे किलो.

आता आपली बकेट बघा. दोन फूट रुंद, दोन फूट उंच, काठोकाठ दगड भरला की पावणेतीनशे-तीनशे किलो. वर बकेटचं लोखंड पन्नास-साठ किलो. कागदावर सहा एमएमचा रोप जेमतेम बसतो. पण बकेट कपारीला अडकते, निसटते आणि हिसका बसतो. तो हिसका वजनाच्या दुप्पटही जातो. म्हणून मी दहा एमएमच वापरतो, त्याचा आकडा साडेपाच टनांच्या आसपास असतो. रोपासोबत टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. पुली निदान आठ इंची हवी. लहान पुलीवर रोप रोज मोडल्यासारखा वाकतो आणि आतून तुटत जातो.

रोपाला गाठ कधीच मारू नका, ताकद निम्म्यावर येते. टोकाच्या वळशात थिंबल, म्हणजे रोप घासू न देणारी लोखंडी खोबण, घालून तीन क्लॅम्प लावा, दोन क्लॅम्पमध्ये सहा सेंटिमीटर अंतर. क्लॅम्पचा यू आकाराचा बोल्ट दुमडून आणलेल्या आखूड टोकावर आणि बसका भाग वजनाच्या रोपावर आला पाहिजे. उलटा लावला तर यू भार पेलणाऱ्या रोपालाच चिरडतो. पहिली बकेट वर आली की नट पुन्हा आवळा. बकेट तळाला टेकल्यावरही रोप गुंडाळायच्या ड्रमवर तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत.

रोज सकाळी यारी बंद असताना रोपावरून सुती फडकं फिरवा. उघडा हात नको, तार घुसते. फडकं अडकलं तिथे तुटलेल्या तारा मोजा. तारांची एक लड रोपाभोवती एक पूर्ण वेढा घेते ती पिळाची लांबी. दहाच्या रोपात एवढ्या लांबीत, म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटरमध्ये, सहा तारा तुटल्या असतील किंवा एकाच लडीत तीन, तर रोप उतरवा. दहाचा रोप जाडी मोजायच्या व्हर्नियरला नऊ भरला तरी उतरवा. मुरड पडली असेल, म्हणजे रोप पिळून दुमडला असेल, तर मोजत बसू नका, उतरवाच.

मुरडीचं मी स्वतः भोगलंय. सात वर्षांपूर्वी धारूरच्या बाजूला एका विहिरीवर सकाळीच मुरड दिसली होती. मालकाला घाई होती, मीही म्हटलं, आजचा दिवस काढू. दुपारी भरलेली बकेट तीस फुटांवर असताना रोप नेमका तिथेच तुटला. खाली उभा असणारा गडी तेवढ्यात पाणी प्यायला कडेला सरकला होता. तो वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्याच दिवशी मी लातूरहून नवा रोप आणला.

माणसाला बकेटीत बसवून उतरवू नका, कितीही जाड रोप असो. शिडी लावा. बकेट भरली की खालच्यांनी कडेला जायचं, आणि ते गेल्याशिवाय लिव्हर ओढायचा नाही.

उतरवलेला रोप बांधावर टाकून देऊ नका. कुणीतरी तो उचलून दुसऱ्या विहिरीवर चढवतो. छिन्नीने हातहातभर तुकडे करा आणि भंगारात द्या.