२८बीवायजे-४८ स्टेपर थरथरते पण फिरत नाही – माझा अनुभव

सोलापुरी चादरीच्या सुताचा रंग उन्हात किती टिकतो हे बघायला दिव्यासमोर सॅम्पल हळू फिरवणारा होल्डर बनवत होतो, आर्डुइनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड) आणि स्टेपर, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांनी फिरणारी मोटर, वापरून. मोटर नुसती गुंगुं करायची, बोट लावलं की थरथर कळायची, ड्रायव्हरवरचे (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा बोर्ड) चारही लाल दिवे पेटलेले पण शाफ्ट जागचा हलेना. नव्या पेठेतनं दुसरी मोटर आणली, अॅडाप्टर बदलला, होल्डर काढून मोकळी चालवली, काही फरक नाही. चार रात्री गेल्या, जाम वैतागलो.

शेवटी चुकला होता तो फक्त कोडात दिलेला पिनचा क्रम.

आधी सगळी पॉवर बंद करा. मोटरला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, त्याचा ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडायचाच. ड्रायव्हरचे आयएन१ ते आयएन४ ओळीने आर्डुइनोच्या पिन ८, ९, १०, ११ ला. आता कोडात स्टेपर लायब्ररीला (मोटर फिरवायचा तयार कोड) एका फेऱ्याच्या स्टेप्स २०४८ आणि पिन ८, १०, ९, ११ अशा द्या, मधल्या दोन उलट, कारण लायब्ररीला एका कॉइलची (मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्याची) दोन टोकं शेजारी लागतात आणि या मोटरीत निळी-पिवळी वायर एक जोडी, गुलाबी-केशरी दुसरी. स्पीड आधी ५ आरपीएम (मिनिटाला ५ फेरे) ठेवा, मोकळी नीट फिरली की मगच होल्डर बसवा. माझा आता १ आरपीएमवर फिरतोय, एकदम गुळगुळीत.