बालसंधिवात: चयापचय-खुणांसाठी रक्त कसं घ्यावं

चयापचय-खुणा म्हणजे आजारात बदलणारी रक्तातली छोटी रसायनं. त्यांच्या अभ्यासासाठी वयाच्या 16 वर्षांआधी सुरू झालेला, किमान 6 आठवडे टिकलेला संधिवात असलेली मुलं निवडा. मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड ही संधिवाताची औषधं सुरू होण्याआधीच रक्त घ्या, नाहीतर मोजाल तो औषधाचा परिणाम. सकाळी, उपाशीपोटी, अगदी लहानग्यांना मात्र ताटकळत ठेवू नका, शेवटचं खाणं कधी झालं ते लिहा.

सगळ्यांचं रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमध्येच. ट्यूब 8 वेळा हलकेच उलटसुलट करून लगेच बर्फात. इथेच बहुतेक घोळ होतात: रेंगाळलात की तांबड्या पेशी ग्लुकोज संपवत राहतात, लॅक्टेट वाढतं आणि ते आजाराच्या नावावर खपतं. अर्ध्या तासात 4 अंशांवर, 2000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 2000 पट जोर), 10 मिनिटं सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवा. वर आलेला प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) गुलाबी? पेशी फुटल्यात, नमुना बाद. चांगल्या प्लाझ्माचे 200 मायक्रोलिटरचे भाग करून उणे 80 अंशांवर. मोजणीच्या मशीनवर रुग्णांचे आणि तुलनेसाठीच्या निरोगी मुलांचे नमुने सरमिसळ क्रमानेच लावा.